पिकअप ट्रकमधील फोर-व्हील-ड्राइव्ह कंट्रोल मॉड्यूल बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडाच्या बर्फाळ पट्ट्यात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे आज एखादी जुनी पिकअप असते. हिवाळ्याच्या पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीत तिच्या डॅशबोर्डवर ‘सर्व्हिस फोर-डब्ल्यूडी’ (म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा दुरुस्त करून घ्या) असा संदेश उमटला की ठरावीक प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणासाठी २००३ ते २००६ या मॉडेल-वर्षांतील जनरल मोटर्सच्या शेव्हरले सिल्व्हरॅडो १५०० आणि जीएमसी सिएरा १५०० या जुळ्या गाड्या घेतल्या आहेत. त्यातही डॅशबोर्डवर टू-हाय (फक्त मागची चाके), ऑटो (गरजेनुसार चारही), फोर-हाय (सतत चारही) आणि फोर-लो (चारही, कमी वेगात अधिक जोर) अशी चार बटणे असणारी, म्हणजे ‘ऑटोट्रॅक’ प्रणालीची गाडी गृहीत धरली आहे. १९९९ ते २००२ च्या गाड्या बाहेरून त्याच घराण्यातल्या दिसत असल्या तरी त्यांची विद्युतरचना वेगळी आहे, त्यामुळे त्यांचे मॉड्यूल या गाड्यांना लागत नाही.

हे मॉड्यूल नेमके काय काम करते?

जुन्या काळच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत चालकाच्या पायाजवळ दुसरा एक लिव्हर असे आणि तो ओढला की ट्रान्स्फर केसमधील (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतील) गिअर हाताच्या जोराने सरकत. बटणांच्या गाडीत तो लिव्हर नाही. बटण दाबल्यावर केवळ एक विनंती मॉड्यूलकडे जाते. ती मान्य करायची की नाही हे मॉड्यूल ठरवते. त्यासाठी ते गाडीचा वेग, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आहे किंवा नाही, पुढच्या व मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) फेऱ्या आणि ट्रान्स्फर केस या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, हे सारे तपासते. सर्व जुळून आले तर ट्रान्स्फर केसवर बसवलेल्या एन्कोडर मोटरला वीज देऊन ते शिफ्टचा शाफ्ट फिरवते आणि पुढच्या ॲक्सलच्या उजव्या बाजूला असलेल्या ॲक्च्युएटरला (विजेवर चालणाऱ्या जोडणी-यंत्राला) चाके जोडण्याचा हुकूम देते.

एन्कोडर मोटरमध्ये मोटर आणि एन्कोडर अशा दोन वस्तू एकत्र असतात. मोटर शाफ्ट फिरवते आणि एन्कोडर तो किती फिरला ते मॉड्यूलला विजेच्या दाबाच्या रूपात कळवतो. यातला एन्कोडर चुकीचे सांगू लागला, तर मोटर धडधाकट असूनही मॉड्यूल शिफ्ट करत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण आंधळेपणाने फिरवलेली मोटर गिअर अर्धवट अडकवून ठेवू शकते.

ऑटो स्थितीत मॉड्यूलचे काम सर्वांत नाजूक असते. त्या स्थितीत पुढचे ॲक्सल जोडलेलेच असते, परंतु ताकद मुख्यतः मागच्या चाकांना जाते. मागची चाके घसरून मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा वेगाने फिरू लागला, की मॉड्यूल एन्कोडर मोटरकरवी ट्रान्स्फर केसमधील क्लच प्लेटांवर दाब वाढवते आणि ताकद पुढे वळवते. बर्फाळ चौकातून डावीकडे वळताना मागचा भाग किंचित सुटतो आणि चालकाने काही न करताच पुन्हा ओळीत येतो, तेव्हा हे सारे घडून गेलेले असते.

मॉड्यूल बिघडल्याची लक्षणे कोणती?

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे इग्निशन चालू केल्यावर चारही बटणांपैकी एकाचाही दिवा न लागणे. दुसरे म्हणजे ‘सर्व्हिस फोर-डब्ल्यूडी’ हा संदेश. कधी गाडी एकाच स्थितीत अडकून बसते. कधी बटण दाबल्यावर दिवा काही वेळ लुकलुकतो आणि गाडी पुन्हा आधीच्याच स्थितीत राहते.

या शेवटच्या लक्षणाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. शिफ्ट चालू असताना दिवा लुकलुकणे हे या प्रणालीचे नेहमीचे वर्तन आहे. फोर-लो मध्ये जाण्यासाठी गाडी थांबलेली किंवा ताशी ५ किलोमीटरपेक्षा कमी वेगात असावी लागते आणि गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असावा लागतो. हे न करता बटण दाबले तर दिवा सुमारे ३० सेकंद लुकलुकतो आणि शिफ्ट होत नाही. असे दिसले म्हणून मॉड्यूलची ऑर्डर देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीत काहीही बिघडलेले नव्हते.

ही लक्षणे दिसली म्हणजे मॉड्यूलच गेले, असे समजावे का?

नाही. या पानावरील इतर सर्व मजकूर विसरला तरी चालेल, पण हे उत्तर लक्षात ठेवावे. मॉड्यूल गाडीच्या आत, कोरड्या जागी, डॅशबोर्डखाली असते. त्याच्याशी जोडलेल्या बहुतेक वस्तू मात्र गाडीच्या पोटाखाली असतात, जेथे चार-पाच महिने मीठ मिसळलेला चिखल आणि वितळलेला बर्फ सतत उडत असतो. त्यामुळे संशयाची सुरुवात बाहेरून आत करावी: आधी बॅटरी, मग फ्यूज, मग अर्थ (विजेला परतीचा मार्ग देणारी, फ्रेमला जोडलेली वायर), मग एन्कोडर मोटर आणि तिचा कनेक्टर, मग डॅशबोर्डवरील बटणांचा स्विच, मग वेगाचे सेन्सर आणि पुढच्या ॲक्सलचा ॲक्च्युएटर, आणि या सर्वांना निर्दोष ठरवल्यावर मॉड्यूल.

मी स्वतः हा क्रम एकदा पाळला नव्हता. जानेवारी महिना होता, गॅरेजमध्ये उणे १२ अंश तापमान होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते. संदेश दिसताच मी मॉड्यूल मागवले, बसवले, आणि संदेश तसाच राहिला. दोन आठवड्यांनी गाडी उंच करून टॉर्च घेऊन खाली शिरलो, तेव्हा चालकाच्या दाराखाली फ्रेमवर बोल्टने आवळलेली अर्थची वायर दिसली. वरून आवरण धड होते. पण टर्मिनलजवळ बोटाने दाबल्यावर ते पोकळ लागले. ब्लेडने चीर दिली तर आतले तांबे उरलेच नव्हते, हिरवट भुकटी हातावर सांडली. वीतभर नवी वायर, एक टर्मिनल आणि अर्ध्या तासाचे काम, एवढ्याने गाडी पूर्ववत झाली.

माझ्याकडील स्कॅनर (मॉड्यूलांनी नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) एकही कोड दाखवत नाही. मग बिघाड नाही असे मानावे का?

बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक स्कॅनर केवळ इंजिन आणि गिअरबॉक्सचे, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात, कारण प्रदूषण-नियमांनुसार तेवढेच सर्वांना वाचता येणे बंधनकारक आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह मॉड्यूलचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि ते वाचण्यासाठी स्कॅनरला जनरल मोटर्सच्या मॉड्यूलांशी त्यांच्याच पद्धतीने बोलता यावे लागते. या काळातील गाड्यांमध्ये मॉड्यूल एकमेकांशी ‘क्लास टू’ नावाच्या एकाच वायरीच्या जाळ्यावरून बोलतात. जनरल मोटर्सचे मूळ स्कॅन-उपकरण ‘टेक टू’ हे होय. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये ते अजूनही असते. ‘सी’ कोड वाचू शकणारे मध्यम किमतीचे स्कॅनरही मिळतात, मात्र विकत घेण्यापूर्वी ते ट्रान्स्फर केस मॉड्यूलशी संपर्क साधतात का, हे स्पष्टपणे विचारून घ्यावे.

स्कॅनर इतर सर्व मॉड्यूलांशी बोलतो आणि या एकाशीच त्याचा संपर्क होत नाही, अशी स्थिती आढळली तर तीही मोलाची माहिती आहे. मॉड्यूलला वीज किंवा अर्थ पोहोचत नाही, अथवा मॉड्यूल खरोखर निकामी झाले आहे, या दोनच मुख्य शक्यता मग उरतात.

कोणता कोड कशाकडे बोट दाखवतो?

सी०३२७ हा सर्वाधिक आढळणारा कोड एन्कोडरच्या सर्किटमधील दोष सांगतो. तो दिसला तर आधी गाडीखाली जावे, डॅशबोर्ड उघडू नये. सी०३७६ हा पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या वेगात न जुळणारा फरक दाखवतो. चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तरी तो येऊ शकतो, म्हणून तो दिसल्यावर प्रथम टेप घेऊन टायरांचा परीघ मोजावा. सी०५५० हा मॉड्यूलच्या अंतर्गत दोषाचा कोड आहे आणि मॉड्यूलवर थेट संशय घेण्यास एवढाच एक खराखुरा आधार देतो. परंतु बॅटरीचा दाब घसरलेला असताना नोंदला गेलेला सी०५५० विश्वासार्ह नसतो. कोड लिहून घ्यावेत, पुसावेत, चांगल्या बॅटरीवर गाडी चालवावी आणि तो पुन्हा उमटला तरच त्याला महत्त्व द्यावे.

मॉड्यूलच दोषी आहे हे सिद्ध कसे करायचे?

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि त्या मॉडेल-वर्षाचा वायरिंगचा नकाशा एवढे साहित्य पुरते. नकाशा नसेल तर पुढे जाऊ नये, कारण वायरींचे रंग आठवणीवर सांगणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी चुकू शकतो.

बॅटरीपासून सुरुवात करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळाले पाहिजेत आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. थंडीत स्टार्टर फिरताना दाब फारच खाली जात असेल, तर मॉड्यूल त्या क्षणी गोंधळते आणि संदेश देते. नवी बॅटरी बसवल्यावर ‘सर्व्हिस फोर-डब्ल्यूडी’ कायमचे नाहीसे झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

त्यानंतर फ्यूज पाहावेत. चालकाचे दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला एक फ्यूज-पेटी दिसते आणि दुसरी बॉनेटखाली असते. फ्यूज केवळ डोळ्यांनी पाहून चालत नाही. तो जागेवर असताना त्याच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प टेकवून दोन्हीकडे दिवा लागतो का ते पाहावे.

खरी परीक्षा वीज आणि अर्थ यांची असते, आणि ती भाराखाली घ्यावी लागते. एकच धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा मल्टिमीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. म्हणून मॉड्यूलचा कनेक्टर जोडलेला ठेवून, प्रणाली चालू असताना, मीटरचे एक टोक मॉड्यूलच्या अर्थच्या पिनेच्या मागच्या बाजूने लावावे आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर. शक्य असल्यास सहकाऱ्याला त्याच वेळी बटण दाबायला सांगावे, म्हणजे मोटर करंट ओढेल. येथे ०.१ व्होल्टपेक्षा फार अधिक दाब आढळला तर अर्थ खराब आहे. तीच रीत विजेच्या पिनेसाठी, मात्र दुसरे टोक बॅटरीच्या धन टोकावर ठेवून, वापरावी.

आता एन्कोडरच्या वायरी. मॉड्यूल एन्कोडरला ५ व्होल्टचा स्थिर दाब पुरवते. गाडीखालच्या कनेक्टरवर तो पोहोचत नसेल, तर आधी तो मॉड्यूलच्या पिनेतून बाहेर पडतो का हे पाहावे. बाहेर पडत असेल आणि खाली पोहोचत नसेल, तर दोष मधल्या वायरीत आहे. बाहेरच पडत नसेल, तर कनेक्टर काढून पुन्हा मोजावे, कारण खालचा एन्कोडर शॉर्ट झाला असेल तर तोही हा दाब खाली खेचतो. मोजताना पिनेत जाड सुई खुपसू नये. पसरलेली पीन पुढे महिनोन् महिने छळते.

वीज योग्य आहे, अर्थ योग्य आहे, वायरी अखंड आहेत, स्विच, मोटर आणि सेन्सर निर्दोष आहेत, आणि तरीही मॉड्यूल बोलत नाही, ५ व्होल्ट देत नाही किंवा मोटरला हुकूम सोडत नाही, असे कागदावर लिहिता आले, तरच मॉड्यूल बदलावे.

एन्कोडर मोटर आणि मॉड्यूल दोन्ही एकदमच बदलून टाकले तर काय बिघडते?

पैसे बिघडतात, आणि मूळ दोष वायरीत असेल तर तो तसाच राहतो. मात्र या प्रश्नाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मॉड्यूलमधील मोटर चालवणारा भाग जळालेला आढळला, तर तो कशामुळे जळाला हे शोधल्याशिवाय नवे मॉड्यूल जोडणे धोक्याचे आहे. मोटरमध्ये पाणी शिरून ती जड झाली असेल किंवा तिची वायर घासून फ्रेमला टेकत असेल, तर नवे मॉड्यूलही त्याच मार्गाने जाईल. म्हणून अशा वेळी मोटर काढून हातात घ्यावी, तिच्या टर्मिनलपासून तिच्याच बॉडीपर्यंत करंट जात नाही ना हे मोजावे, कनेक्टरच्या आतल्या पिना भिंगाखाली पाहाव्यात. त्यावर पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर उत्तर मिळाले.

नवे मॉड्यूल घ्यावे, रिबिल्ट घ्यावे की यार्डातले जुने?

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नव्याचा पर्याय नेहमी मिळतोच असे नाही. रिबिल्ट, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकलेले, मॉड्यूल हा मधला मार्ग आहे. काही रिबिल्डर आपण पाठवलेलेच मॉड्यूल दुरुस्त करून परत पाठवतात, आणि मला हा पर्याय सर्वांत पसंत आहे, कारण त्यात सहसा आधीचेच सॉफ्टवेअर टिकून राहते.

यार्डातले, म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीचे, जुने मॉड्यूल घ्यायचे असेल तर त्यावरील सुट्या भागाचा क्रमांक अंकनिहाय जुळला पाहिजे, केवळ आकार आणि कनेक्टर जुळून भागत नाही. ज्या गाडीतून ते काढले तिचे मॉडेल-वर्ष, ट्रान्स्फर केसचा प्रकार, ॲक्सलचे गुणोत्तर आणि टायरचे माप हेही आपल्या गाडीशी जुळणारे असावे. ऑटो बटण नसलेल्या तीन बटणांच्या गाडीचे मॉड्यूल चार बटणांच्या गाडीत लावू नये.

प्रोग्रॅमिंग करणे अनिवार्य आहे का?

नव्या मॉड्यूलसाठी होय. कारखान्यातून येणारे मॉड्यूल कोरे असते. त्यात आपल्या गाडीचे सॉफ्टवेअर भरल्याशिवाय ते चालत नाही. हे काम गाडीच्या १७ अक्षरी ओळख-क्रमांकाच्या आधारे, जनरल मोटर्सच्या सर्व्हिस प्रोग्रॅमिंग सेवेतून होते. डीलरकडे किंवा टेक टू असणाऱ्या स्वतंत्र वर्कशॉपकडे ते करून मिळते. घरीच करणाऱ्यांसाठी लॅपटॉप, योग्य इंटरफेस आणि त्या एका गाडीपुरते घेता येणारे सदस्यत्व असा मार्ग आहे, मात्र हे काम प्रथमच करणाऱ्याने ते एखाद्या जाणत्या माणसासोबत करावे, असा माझा आग्रह आहे.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीचा दाब स्थिर ठेवणे ही त्यातली सर्वांत मोठी अट आहे. मधेच दाब घसरला किंवा केबल हलली तर अर्धवट लिहिलेले मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. स्थिर दाब देणारा पुरवठा बॅटरीला जोडावा. साधा जलद चार्जर नको, कारण त्याच्या विजेत चढउतार असतो. हेडलाइट, ब्लोअर आणि रेडिओ बंद ठेवावेत आणि दार उघडे ठेवून दिवे जळत ठेवू नयेत.

मॉड्यूल प्रत्यक्ष कसे बदलतात?

शोधकामाच्या तुलनेत हे काम सोपे आहे. मॉड्यूल डॅशबोर्डखाली, स्टीअरिंग कॉलमच्या डाव्या बाजूला असते.

गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना उटी लावावी. इग्निशन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. या गाड्यांत टर्मिनल बॅटरीच्या बाजूला असते आणि त्याला ८ मिलिमीटरचा पाना लागतो. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे, म्हणून वायर सोडवल्यावर काही मिनिटे थांबावे आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये.

चालकाच्या गुडघ्यासमोरचे प्लॅस्टिकचे झाकण ७ मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवलेले असते. ते सोडवून झाकण हलके खेचले की क्लिपा सुटतात. स्कॅनर जोडण्याचे सॉकेट याच झाकणावर असते, तेव्हा झटका देऊन ओढू नये. थंडीत हे प्लॅस्टिक ठिसूळ होते. गाडीचा हीटर १५ मिनिटे चालवून मग काम सुरू केले तर क्लिपा तुटत नाहीत.

मॉड्यूल दिसल्यावर हात लावण्यापूर्वी त्याचे आणि कनेक्टरांचे छायाचित्र घ्यावे. गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कनेक्टरची खिट्टी पूर्ण दाबून तो सरळ बाहेर काढावा, वायरींना धरून नव्हे. मग मॉड्यूल पट्टीतून सोडवावे, दोन्ही मॉड्यूल शेजारी धरून लेबलवरील क्रमांक पुन्हा एकदा वाचावेत आणि नवे त्याच जागी बसवावे. कनेक्टरचा ‘टक’ आवाज ऐकू आलाच पाहिजे. झाकण लगेच बसवू नये. बॅटरी जोडून, प्रोग्रॅमिंग आणि चाचणी झाल्यावर ते बसवावे.

बदलल्यानंतर कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

सर्व मॉड्यूलांतील जुने कोड पुसावेत. इंजिन चालू करून एकेक बटण दाबावे आणि खिडकी उघडी ठेवून ऐकावे. टू-हाय मधून फोर-हाय मध्ये जाताना जमिनीखालून मोटरचा छोटा घरघराट आणि पाठोपाठ शिफ्ट बसल्याचा आवाज येतो. दिवा लुकलुकणे थांबून स्थिर झाला पाहिजे. फोर-लो ची चाचणी गाडी थांबवून, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवूनच घ्यावी. त्यात वेग २.७२ पट कमी होतो, त्यामुळे गाडी चालत्या माणसाच्या गतीने, पण मोठ्या जोराने सरकते आणि शिफ्ट खरोखर झाल्याची खात्री पटते.

यानंतर बर्फ, वाळू किंवा खडी असलेल्या मोकळ्या जागी ऑटो स्थिती तपासावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय मध्ये तीव्र वळण घेऊ नये. पुढची आणि मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात, तो फरक सामावून घ्यायला या स्थितीत ट्रान्स्फर केसमध्ये जागा नसते आणि गाडी अडखळत, ताठ होऊन वळते. हा दोष नव्हे, परंतु हे वारंवार केले तर दोष निर्माण होतो.

ऑटो स्थितीत थरथर जाणवली तर मॉड्यूलला दोष देण्यापूर्वी ट्रान्स्फर केसचे ऑइल पाहावे. या ‘एनव्ही २४६’ प्रकाराच्या केसमध्ये निळ्या रंगाचे ऑटोट्रॅक टू ऑइल सुमारे २ लिटर लागते. क्लच प्लेटा त्याच ऑइलच्या घर्षणगुणांवर अवलंबून असतात. गिअरबॉक्सचे साधे लाल ऑइल चालणार नाही. पातळी कमी असेल तर गळती शोधावीच. या केसमध्ये आतला ऑइल पंप हळूहळू मागच्या कवचाला घासतो आणि शेवटी तेथे बारीक छिद्र पडते, हा जुन्या मेकॅनिकांना ठाऊक असलेला विकार आहे. ऑइल संपलेली केस वाचवणे कोणत्याही मॉड्यूलच्या हातात नसते.

मॉड्यूल येईपर्यंत गाडी चालवता येईल का?

गाडी टू-हाय मध्ये अडकलेली असेल आणि कोणताही विचित्र आवाज येत नसेल, तर सर्वसाधारण रस्त्यावर चालवता येते, फक्त बर्फात तिच्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह असल्यासारखा विश्वास ठेवू नये. फोर-हाय मध्ये अडकलेली गाडी कोरड्या रस्त्यावर लांब नेऊ नये.

एक धोका मात्र गांभीर्याने घ्यावा. टू-हाय आणि फोर-लो ही दोन बटणे एकत्र दाबून धरली की या प्रणालीत ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये जाते. गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून नेण्यासाठी ही सोय आहे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्स पार्कमध्ये असला तरी चाके मोकळीच राहतात आणि उतारावर गाडी घरंगळू शकते. अर्धवट शिफ्टमध्ये अडकलेल्या केसचीही हीच गत होऊ शकते. त्यामुळे दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढावा, आणि हँडब्रेक खरोखर धरतो का हे आधी पाहून घ्यावे. घरासमोरच्या उतरत्या ड्राइव्हवेवर लहान मुले खेळत असतील तर गाडी तेथे उभीच करू नये.

पुन्हा बिघाड होऊ नये म्हणून काय करावे?

महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातही, मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर सर्व स्थितींतून गाडी फिरवावी. न हललेली मोटर आणि ॲक्च्युएटर जागीच धरतात. हिवाळ्यात गाडी धुताना वरच्या रंगापेक्षा पोटाकडे अधिक लक्ष द्यावे. गाडीखालचे कनेक्टर वर्षातून एकदा उघडून, कोरडे करून, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे, ओल रोखणारे) ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. चारही टायर एकत्र बदलावेत. मोठ्या मापाचे टायर लावले तर त्याप्रमाणे वेगाची गणना बदलून घ्यावी.

भारतात मिळणाऱ्या पिकअपना ही माहिती लागू पडते का?

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांतही फिरत्या नॉबने विजेवर चालणारे शिफ्ट असते, त्यामुळे शोधाचा क्रम, म्हणजे बॅटरी, फ्यूज, अर्थ, कनेक्टर, मोटर आणि शेवटी मॉड्यूल, तसाच लागू पडतो. येथे दिलेले कोड, ऑइल, जागा आणि प्रोग्रॅमिंगची रीत मात्र लागू पडत नाही. त्यासाठी त्या गाडीचेच मॅन्युअल पाहावे. कोकणात मिठाच्या रस्त्यांऐवजी समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे काम करतात, म्हणून रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील गाडीची अर्थची टोके मिशिगनमधल्या गाडीइतक्याच काळजीने पाहावीत.

काढलेले जुने मॉड्यूल लगेच परत पाठवावे का?

रिबिल्ट मॉड्यूल घेताना विक्रेते जुन्यासाठी अनामत रक्कम घेतात आणि जुने परत केल्यावर ती मिळते. ती मुदत पाहून घ्यावी, परंतु मुदतीच्या आत जितके दिवस शक्य असेल तितके दिवस जुने मॉड्यूल जपून ठेवावे, निदान दोन-तीन कडक थंडीच्या सकाळी गाडी विनातक्रार सुरू होईपर्यंत. त्यावर कागदी पट्टी चिकटवून काढल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर किंवा मैल आणि नोंदलेले कोड लिहावेत. तीच नोंद ग्लोव्ह बॉक्समध्येही ठेवावी. पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्याच मेकॅनिककडे गेली, तर त्याचा पहिला एक तास त्या कागदामुळे वाचेल.